न आलेल्या गाडीचा नंबर

"संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता एसटीच्या तक्रारवह्या वाचत बसलीस?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की एकदा नीट लिहूनच टाकते. पेटची तयारी करणाऱ्यांना किंवा अजून विषय शोधत असलेल्यांना याचा उपयोग होईल, कारण यातला खरा मुद्दा बसपेक्षा डेटाचा आहे.

गाडी अचानक रद्द झाली की ती चालवणारी संस्था काय करते, प्रवाशांशी कशी वागते, हे शोधायचं असेल तर पहिला विचार येतो तो तक्रारी मोजायचा. तक्रारी जास्त म्हणजे सेवा वाईट, कमी म्हणजे बरी. दिसायला सरळ आहे. पण तक्रार कुठे लिहायची, कोणत्या रकान्यात, कोणत्या पुराव्यासह, हे सगळं ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानंच ठरवलेलं असतं. आणि तो नमुना बहुतेक वेळा विचारतो: गाडी क्रमांक काय, तिकीट क्रमांक काय, वाहकाचा बिल्ला क्रमांक काय. उद्धट वाहकाला बिल्ला असतो. हात दाखवूनही न थांबलेल्या गाडीला नंबर असतो. जी गाडी आलीच नाही, तिला यातलं काहीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवाशाची सगळ्यात मोठी गैरसोय, म्हणजे न आलेली गाडी, तक्रारींच्या दप्तरात सगळ्यात कमी सापडते. आणि हे कुणाच्या लबाडीमुळे नाही, तर दप्तराच्या घडणीमुळे. ही घडण कशी झाली ते नागपूरच्या बाजूनं सांगते.

उशीर मोजायला आधी घड्याळ लागतं

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, भुसावळहून इथवर पोचली. पूर्वेकडची बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि शहर दोन कंपन्यांच्या सीमेवर आलं. (आजही तेच आहे. नागपुरात मध्य रेल्वेचा एक विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा एक. महालातून इतवारी स्टेशनला गेलात तर एक साहेब, मुख्य स्टेशनला गेलात तर दुसरा.)

रेल्वेसोबत छापील वेळापत्रक आलं आणि वेळापत्रकासोबत 'उशीर' नावाची गोष्ट आली. त्याआधी बैलगाडी उशिरा आली असं कुणी म्हणत नव्हतं, ती आली तेव्हा आली. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर आणि गावं चालायची आपापल्या सूर्यावर. रेखांशाचा हिशेब केला तर मद्रास आणि नागपूर यांच्या वेळेत जेमतेम पाच मिनिटांचा फरक पडतो, पण मद्रास आणि मुंबईत जवळपास अर्ध्या तासाचा. म्हणजे 'गाडी अर्धा तास लेट' या वाक्याला मुंबईत आणि नागपुरात वेगळा अर्थ होता. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा घोळ हळूहळू मिटला. मोजमापाच्या विद्यार्थ्यानं हे लक्षात ठेवावं: दोन घड्याळं असतील तर उशीर ही आधी वादाची बाब असते, मग आकडेवारीची.

वेळ देताना रेल्वेनं एक हात राखून ठेवला. विलायतेतल्या कंपन्यांची पद्धत होती, की वेळापत्रक छापायचं आणि त्यातच म्हणायचं, या वेळांची हमी नाही. भारतातल्या रेल्वेच्या प्रवासी दर-नियमांतही हे कलम राहिलं. गाडी दिलेल्या वेळी सुटेल किंवा पोचेल याची हमी नाही, आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी नाही. हे कलम लक्षात ठेवा, पुढे ते एकदम एकविसाव्या शतकात भेटणार आहे.

मग प्रवाशानं तक्रार कशाची करायची? त्या काळच्या तक्रारी वाचल्या तर बहुतेक गर्दी, घाण, पाणी, संडास आणि कर्मचाऱ्यांची अरेरावी याबद्दल आहेत. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे ओखिलचंद्र सेन यांचं १९०९ चं साहिबगंज विभागाला लिहिलेलं इंग्रजी पत्र. गाडी त्यांना रुळाशेजारी सोडून निघून गेली होती. या एका पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण संशोधक म्हणून मी ती तशीच घेणार नाही. एका पत्रानं धोरण बदललं असं म्हणायचं असेल, तर पत्राआधीच्या आणि नंतरच्या फायली लागतात, फक्त पत्र पुरत नाही. तिसऱ्या वर्गाच्या हालांबद्दल वर्तमानपत्रं आणि सभा बराच काळ ओरडत होत्या. शंभर तक्रारींतली एक विनोदी निघाली, तीच संग्रहालयात गेली आणि बाकीच्या विसरल्या गेल्या. याला आमच्याकडे निवडीचा दोष म्हणतात. इतिहासातही तो असतो, आणि बहुधा जास्त असतो.

त्यापेक्षा मला गांधीजींचं १९१७ चं पत्र जास्त कामाचं वाटतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गानं प्रवास केला, भाडं दिलं १३ रुपये ९ आणे, आणि नंतर वर्तमानपत्रांना सविस्तर पत्र लिहिलं. डबा २२ प्रवाशांचा होता हे त्यांनी आधी नोंदवलं, मग कुठपर्यंत संख्या मर्यादेत राहिली आणि कुठून पुढे ती हाताबाहेर गेली ते सांगितलं. म्हणजे आधी मानक, मग निरीक्षण, मग फरक. तक्रार अशी लिहिली की ती पुरावा होते. पण हे लिहायला वेळ, अक्षर, इंग्रजी आणि छापून येण्याइतकं नाव लागतं. त्याच डब्यातल्या बाकीच्यांकडे हे नव्हतं.

रेल्वेला प्रवासी वाहतुकीतून मिळणाऱ्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा याच तिसऱ्या वर्गाचा होता. १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीनं रेल्वे सरकारनं चालवावी असं सुचवलं आणि त्याचबरोबर प्रवासी व व्यापाऱ्यांचं ऐकायला सल्लागार समित्या असाव्यात असंही. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात गेली, बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये. समित्या झाल्या, त्यांचीच पिढी आज रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती या नावानं आहे. पण समितीत बसतो तो प्रतिनिधी. फलाटावर रात्र काढलेला माणूस त्यात क्वचितच असतो.

भरली की सुटली

मोटारगाड्यांची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीयीकरणाआधी खाजगी मोटारीची सर्वसाधारण रीत होती 'भरली की सुटली'. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं परवान्याला वेळापत्रकाची अट जोडता येऊ लागली, तरी व्यवहार सीटा भरण्यावरच चालायचा. इथे एक गोष्ट पाहा. ज्या गाडीला वेळच नाही ती रद्द होऊ शकत नाही. 'सेवा खंडित झाली' म्हणायला आधी सेवेचं वचन लागतं. म्हणून त्या काळच्या मोटारींच्या तक्रारी भाड्याच्या, कोंबाकोंबीच्या आणि अपघाताच्या आहेत, रद्द फेरीच्या नाहीत.

विदर्भ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. इथल्या बस कंपन्यांपैकी सी.पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीचं नाव आज पटकन सापडतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात, १९५७ च्या खंडात. कंपनी तोवर अवसायनात निघाली होती आणि खटला होता एका साहाय्यक भांडारपालाच्या बडतर्फीचा. याचा मला एक उपयोग झाला. कंपनी बुडाली तरी कर्मचाऱ्याची बाजू न्यायालयाच्या दप्तरात राहिली, कारण औद्योगिक विवादाच्या कायद्यानं त्याला दाद मागायला एक दार दिलं होतं. त्याच कंपनीच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना तसं दार नव्हतं. कुणाचा आवाज दप्तरात टिकला हे बघायचं असेल, तर कुणाला कोणत्या कायद्यानं दार दिलं ते आधी बघावं.

तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५० मध्ये रस्ता वाहतूक महामंडळ कायदा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १९६१ मध्ये इथली प्रांतिक वाहतूक सेवा, मराठवाड्याची वाहतूक आणि मुंबईचं महामंडळ मिळून आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं. 'गाव तेथे एसटी' हे वचन याच संस्थेचं. आता गावाला वेळ मिळाली, सकाळची सहाची, संध्याकाळची साडेपाचची, रात्रीची मुक्कामी. आणि त्यासोबत पहिल्यांदा गाव म्हणू शकलं, आज गाडी आली नाही.

त्या १९५० च्या कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम १८ म्हणतं, महामंडळानं कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा द्यावी. कलम २२ म्हणतं, महामंडळानं व्यवसायाच्या तत्त्वांवर चालावं. सगळ्या गाड्या धावत असतात तेव्हा ही दोन कलमं सुखानं नांदतात. सकाळी दहा गाड्या हव्यात आणि आगारात आठच धड आहेत, अशा दिवशी त्यांचं भांडण लागतं. आणि ते भांडण विधिमंडळात नाही, आगारात पहाटे पाच वाजता सुटतं.

दोन वह्या

कोणतंही आगार घ्या. वाहतूक नियंत्रकाकडे दिवसाचं नियत असतं: कोणती गाडी, कोणता चालक, कोणता वाहक, कुठे. गाडी गेली नाही की कारण लिहिलं जातं. गाडी उपलब्ध नाही, चालक नाही, वाहक नाही, मार्गस्थ बिघाड, रस्ता बंद, पूर. संध्याकाळी हे सगळं एका आकड्यात जमा होतं: रद्द किलोमीटर. हा आकडा विभागाकडे जातो, तिथून वर.

किलोमीटर हे माप इथे कसं वागतं ते बघा. ३०० किलोमीटरची लांब पल्ल्याची एक फेरी रद्द करण्यापेक्षा १५ किलोमीटरच्या गावच्या चार फेऱ्या रद्द केल्या तर आकडा ६० च होतो. कागदावर नुकसान पाचपट कमी. वर लांबच्या गाडीला आरक्षण असतं. ती रद्द केली तर पैसे परत द्यावे लागतात, आरडाओरडा होतो. गावच्या फेरीला आगाऊ तिकीट नाही, त्यामुळे परतावा नाही. त्या फेरीत अर्धेअधिक विद्यार्थी असतील, तर त्यांनी सवलतीच्या मासिक पासचे पैसे आधीच भरलेले असतात. ग्रामीण मुलींचा पास तर अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत असतो आणि त्याची भरपाई सरकार करतं. म्हणजे त्या दिवशी ती फेरी रद्द केल्यानं महामंडळाच्या गल्ल्यात फारसं कमी होत नाही. वाहतूक नियंत्रक काही दुष्ट नसतो. त्याला आठ गाड्यांत दहाचं काम करायचं असतं आणि माप त्याला सांगतं कुणाला थांबवायचं ते. थांबते ती दहावी-बारावीची मुलगी.

रस्त्यात गाडी फेल पडली तर मात्र व्यवस्था चांगली आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. मागून येणाऱ्या गाडीत त्याच तिकिटावर प्रवाशांना बसवून देण्याची पद्धत आहे, वाहक तशी नोंद करतो. का चांगली? कारण तिथे प्रवासी गाडीत चढलेला आहे, त्याच्या हातात तिकीट आहे, आणि संस्थेच्या लेखी तो अस्तित्वात आहे. फाट्यावर उभा असलेला माणूस अजून प्रवासी झालेलाच नसतो.

दुसरी वही तक्रारीची. तिच्यात येतं ते वर्तन: वाहकानं सुटे पैसे दिले नाहीत, चालकानं थांब्यावर थांबवलं नाही, चौकशीच्या खिडकीवर नीट उत्तर मिळालं नाही. मग त्या कर्मचाऱ्याला विचारणा, त्याचा खुलासा, समज किंवा दंड, प्रकरण बंद. पहिल्या वहीत यंत्रणा आहे पण माणूस नाही, दुसऱ्या वहीत माणूस आहे पण यंत्रणा नाही. आगारात गाड्या कमी आहेत म्हणून जादा गर्दीची गाडी थांबली नाही, हे दुसऱ्या वहीत 'चालकाची बेपर्वाई' म्हणून उतरतं. या दोन वह्या तारखेवार शेजारी ठेवल्या की हे दिसतं. एकेकटी वही वाचून दिसत नाही.

मग गाव तक्रार करतच नाही का? करतं, पण वहीत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव येतो, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र येतं, आमदारांच्या शिफारशीसह निवेदन येतं. ही कागदं आगाराच्या आवक नोंदवहीत पत्रव्यवहार म्हणून चढतात, तक्रार म्हणून नाही. आणि निवेदनांनी भागलं नाही की पोरं रस्त्यावर बसतात, दुसऱ्याच गावाला जाणारी गाडी अडवतात. ती नोंद पोलीस ठाण्यात जाते, आणि तिथे अडवणारे ते आरोपी. एकाच रद्द फेरीची चार दप्तरांत चार नावं: रद्द किलोमीटर, बेपर्वाई, पत्रव्यवहार, रास्ता रोको.

एक छोटं काल्पनिक गणित करू. समजा 'अ' आगारानं महिन्यात १० फेऱ्या रद्द केल्या, दर फेरीला ५० माणसं अडली, आणि ५० पैकी एकानं तक्रार केली. तक्रारी १०. 'ब' आगारानं ४० फेऱ्या रद्द केल्या, दर फेरीला ३० माणसं अडली, पण तिथे ३०० पैकी एकच तक्रार करतो. तक्रारी ४. तक्रारींवरून क्रम लावला तर 'ब' उत्तम आगार ठरेल, आणि तिथे अडलेली माणसं १,२०० आहेत, 'अ' मध्ये ५००. तक्रारींची संख्या म्हणजे गैरसोय गुणिले तक्रार करण्याची शक्यता. ही दुसरी संख्या माहीत नसताना पहिलीबद्दल बोलणं धोक्याचं आहे.

ती दुसरी संख्या कशावर ठरते यावर अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचं १९७० चं पुस्तक आहे, आणि योगायोग असा की त्याची सुरुवातीची कोडी एका रेल्वेचीच आहेत. नायजेरियात रेल्वेला ट्रकची स्पर्धा आली तरी रेल्वे सुधारली नाही. का? कारण ज्यांना ओरडता आलं असतं ते मोठे ग्राहक आधीच ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते ओरडू न शकणारे. आपल्याकडे ट्रकच्या जागी काळीपिवळी आणि शेअर ऑटो ठेवा. बडकस चौकात सिटी बस आली नाही तर आम्ही महालवाले पाच मिनिटं बघतो आणि ऑटोत बसतो. तक्रार कुणी करत नाही, गरजच नसते. कुही किंवा भिवापूरकडच्या एखाद्या फाट्यावर संध्याकाळनंतर काळीपिवळीही नसते. तिथे तक्रार करायची गरज सगळ्यात जास्त आणि सोय सगळ्यात कमी.

शून्य आणि रिकामं

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांची उपोषणं सुरू झाली. ऐन दिवाळीत काम थांबायला लागलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातली जवळपास सगळी, म्हणजे सुमारे २५० आगारं बंद पडली. मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. त्यामागे रखडलेले पगार आणि कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या होत्या, हे विसरून या संपाबद्दल लिहिता येत नाही. सरकारनं ८ नोव्हेंबरला खाजगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. २४ नोव्हेंबरला वेतनवाढ जाहीर झाली. निलंबनं आणि बडतर्फ्या झाल्या. अखेर ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं आणि गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. साडेपाच महिने.

आता या साडेपाच महिन्यांची तक्रारवही उघडली तर काय मिळेल? गाडी नाही, वाहक नाही, बिल्ला नाही, तिकीट नाही. म्हणजे तक्रारींचा आलेख एसटीच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या खंडाच्या काळातच तळाला जातो. तुमच्या तक्त्यात तिथे शून्य लिहिलं असेल तर ते चूक आहे. ते शून्य नाही, ते रिकामं आहे. मोजणी झाली आणि काही सापडलं नाही याला शून्य म्हणतात; मोजायची सोयच नव्हती याला रिकामं. आर किंवा पायथनमध्ये काम करणाऱ्यांना हा फरक पहिल्या आठवड्यात शिकवतात. ऐतिहासिक दप्तरात तो स्वतः ओळखावा लागतो, सॉफ्टवेअर सांगत नाही.

त्या काळातल्या प्रवाशाचा आवाज मग कुठे आहे? उच्च न्यायालयाच्या आदेशांत थोडा आहे. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर बराच आहे, खाजगी गाड्यांनी दुप्पट-तिप्पट भाडं घेतल्याच्या बातम्यांत. आणि सगळ्यात जास्त, माझ्या अंदाजानं, शाळा-महाविद्यालयांच्या हजेरीपटांत आहे. गैरहजेरी हीसुद्धा न आलेल्या गाडीची नोंदच असते, फक्त तिच्यावर गाडीचं नाव नसतं.

मिनिटांचा मालक कोण

शहर बसचं थोडक्यात. नागपूरची शहर वाहतूक आधी एसटीकडे होती. २००७ मध्ये महापालिकेनं ती खाजगी कंत्राटदाराकडून 'स्टार बस' या नावानं चालवायला घेतली, २०१७ पासून 'आपली बस'. या नव्या रचनेत कंत्राटदाराला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरप्रमाणे, तिकिटाचं उत्पन्न महापालिकेचं. गाडीवर जीपीएस असतं, त्यामुळे न धावलेली फेरी आपोआप पकडता येते. न आलेल्या गाडीला शेवटी नंबर मिळाला म्हणायचा! पण तो मिळाला बिलासाठी. चुकलेल्या फेरीचा दंड कंत्राटदार देतो आणि तो महापालिकेकडे जमा होतो. थांब्यावरच्या माणसाला त्यातलं काही येत नाही, नुकसान झालं हे मात्र मान्य झालेलं असतं. कर्मचाऱ्यांचा पगार थकून गाड्या थांबल्या की तक्रारीला दोन दारं होतात, कंत्राटदार आणि महापालिका, आणि दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

आता ते राखून ठेवलेलं कलम. २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, त्यांना टॅक्सीनं जावं लागलं. ग्राहक मंचापासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रेल्वेनं तेच जुनं कलम दाखवलं: वेळेची हमी नाही. ६ सप्टेंबर २०२१ ला न्यायालयानं ते मानलं नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे रेल्वेनं सिद्ध करावं, नाहीतर भरपाई द्यावी, असं सांगितलं आणि टॅक्सीच्या १५,००० रुपयांसह भरपाई कायम ठेवली. खुलासा करण्याचं ओझं प्रवाशाकडून चालवणाऱ्याकडे सरकलं, हे मोठं पाऊल आहे. तरी त्या कुटुंबाकडे काय काय होतं ते बघा: आरक्षित तिकीट, विमानाचं तिकीट, टॅक्सीचा खर्च, आणि पाच वर्षं लढायची ताकद. रेल्वे तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर प्रवास न करणाऱ्याला पूर्ण पैसे परत देते, तेही तिकीटवाल्यालाच. लंडनच्या भुयारी रेल्वेत पंधरा मिनिटांच्या उशिरावर परतावा मागता येतो, पण तिथेही प्रवासाची नोंद कार्डावर असते म्हणूनच.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं उदाहरण जपानचं आहे. तिथे गाडी उशिरा आली की रेल्वे स्वतः एक चिठ्ठी देते, 'अमुक गाडीला अमुक मिनिटं उशीर झाला' अशी. ती कचेरीत किंवा शाळेत दाखवायची. पैसे मिळत नाहीत. पण उशीर कुणाचा होता ते लिहून मिळतं. आपल्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेला वीस मिनिटं उशिरा पोचलेल्या मुलीला "गाडी आली नाही" हे तोंडी सांगावं लागतं, आणि समोरच्यानं विश्वास ठेवला तर ठेवला. गाडी रद्द झाल्याची नोंद त्याच वेळी आगाराच्या वहीत कारणासह असते. महामंडळानं २०२४ मध्ये 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, अधिकारी आगारात येऊन प्रवाशांचं ऐकतात. चांगलंच आहे, पण तिथेही मुलीलाच सांगायला जावं लागतं, जे आगाराला आधीच माहीत असतं.

ज्यांना या विषयावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं एवढंच. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करताना 'तक्रारींची संख्या' मागू नका, ती मिळेल आणि काही सांगणार नाही. एका आगाराचे, एका ठरावीक महिन्याचे, रद्द फेऱ्यांचे दिवसवार तपशील कारणासह मागा, आणि त्याच महिन्याच्या आवक नोंदवहीची पाहणी करायची परवानगी मागा. पाहणीचा हक्क कायद्यात आहे, झेरॉक्सचे पैसेही वाचतात. महिना निवडताना जुलै घ्या. शाळा सुरू झालेल्या असतात, पाऊस असतो, आणि पासच्या रांगा संपलेल्या असतात. मग त्या मार्गावरच्या एखाद्या शाळेत जाऊन त्याच जुलैचा हजेरीपट बघू द्याल का असं विचारा. मुख्याध्यापक बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि कोणत्या तारखा बघायच्या ते तुम्ही सांगायच्या आधी तेच सांगतात.